भाकर आणि साक्ष : कृष्णवर्णीय स्त्रीवादाच्या उजेडात खर्डा

खर्डा हे नाव मराठी माणसाला शाळेतच भेटते. मार्च १७९५. निजामाविरुद्ध पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एकत्र उभे राहिले आणि जिंकले. मराठे सरदार असे एकत्र आले ते शेवटचेच, म्हणून या लढाईचा धडा ‘एकी’चा धडा म्हणून शिकवला जातो.

याच मोहिमेची आणखी एक हकीकत शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. दलित समाजाच्या इतिहासकथनात मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेत मिरजेजवळच्या कळंबीचा शिदनाक महार होता. त्याची राहुटी इतर सरदारांच्या राहुट्यांमध्ये लागली, तेव्हा काहींनी हरकत घेतली. रणांगणावर जात पाहायची नसते, असे सांगून ती हरकत मोडून काढली गेली, असा या हकीकतीचा शेवट आहे. शेवट चांगला आहे. पण राहुटी कुठे लावायची हा प्रश्न ‘एकी’च्या ऐन मध्यावर उपटला होता, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षांच्या आसपास खर्डा पुन्हा राज्यभर चर्चेत आला. एप्रिल २०१४ मध्ये इथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्या निकालाची कायदेशीर चिकित्सा हा या लेखाचा विषय नाही, आणि कोणा एका साक्षीदाराच्या मनात शिरण्याचा अधिकार मला नाही. माझा प्रश्न त्या अलीकडचा आणि साध्या हिशेबाचा आहे. जो माणूस गावातच राहतो, गावाच्याच शेतात रोजंदारी करतो, गावातल्याच दुकानात ज्याची उधारी असते, त्याला गावाविरुद्ध साक्ष देणे केवढ्याला पडते? आणि तो खर्च कोण उचलते?

महाराष्ट्रात सहकारावर लिहिले गेलेले काही कमी नाही. बचत गटांवरच्या प्रबंधांनी विद्यापीठांची ग्रंथालये भरली आहेत. पण साक्षीचा खर्च हा अर्थशास्त्राचा विषय आहे, हे मला त्या लेखनाने शिकवले नाही. ते शिकवले अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका स्वयंपाकिणीने आणि तिच्यासारख्या स्त्रियांचा अर्थव्यवहार समजून घेणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीवादी अभ्यासकांनी. त्यांचे म्हणणे खर्ड्याच्या मातीत किती रुजते आणि कुठे रुजत नाही, हे तपासण्यासाठी हा लेख.

‘कुठूनच नाही’ आलेले पैसे

मॉन्टगोमेरी शहरातला बसबहिष्कार ५ डिसेंबर १९५५ रोजी सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. पण वर्षभर लोकांना कामावर पोचवायला मोटारी लागतात, मोटारींना पेट्रोल लागते आणि पेट्रोलला पैसे. त्यातले काही पैसे जॉर्जिया गिल्मोर आणि तिच्या मैत्रिणींच्या चुलीवरून आले. गिल्मोर एका खाणावळीत स्वयंपाकीण होती. या बायकांनी कोंबडीचे सँडविच, केक, पाय बनवून विकले आणि जमलेली रक्कम दर आठवड्याच्या सभेत आणून दिली. मंडळाचे नाव ठेवले ‘द क्लब फ्रॉम नोव्हेअर’. मराठीत म्हणायचे तर ‘कुठूनच नाही मंडळ’.

नावात विनोद आहे, पण तो पोटाच्या भीतीतून आला आहे. यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी धुणेभांडी आणि स्वयंपाक करत. देणगीदारांच्या यादीत नाव दिसले, की दुसऱ्या दिवशी काम गेलेच. म्हणून पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर खरे उत्तर तयार होते : कुठूनच नाही.

मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावर खटला चालला. गिल्मोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि बसचालकाने आपल्याला कसे वागवले ते तिने न्यायालयात सांगितले. तिची नोकरी गेली. मग तिने घरीच जेवण करून विकायला सुरुवात केली. तिचे घर हे चळवळीतल्या लोकांचे जेवायचे आणि बोलायचे ठिकाण झाले.

ही गोष्ट आपण सहसा ‘त्याग’ या सदरात टाकतो. मला ती अर्थव्यवस्थेची गोष्ट वाटते. साक्षीची किंमत नोकरी ही होती. ती चुकवता आली, कारण चूल आधीच पेटलेली होती, गिऱ्हाईक ठरलेले होते आणि मैत्रिणी पाठीशी होत्या. आपल्याकडे गिल्मोरची जवळची नातलग शोधायची, तर ती गिरणगावात सापडते. मुंबईतल्या खाणावळवाल्या बायका गिरणीकामगारांना जेवू घालत, संपाच्या काळात उधारीवरही घालत आणि स्वतः सावकाराच्या पाशात अडकत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी संपाचा इतिहास लिहिताना आपण युनियनचे पुढारी मोजतो. संप किती दिवस टिकणार, हे मात्र या बायकांच्या पिठाच्या डब्यावरही ठरत होते.

डुकरीण आणि मतपत्रिका

दुसरे उदाहरण मिसिसिपीचे. फॅनी लू हेमर ही कापूस वेचणाऱ्या कुटुंबातली मुलगी. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, आणि ज्या मळ्यावर अठरा वर्षे राबली होती तिथून तिला बाहेर काढण्यात आले. पुढे राष्ट्रीय पातळीवर गाजलेल्या या कार्यकर्तीने १९६९ साली आपल्या सनफ्लॉवर परगण्यात ‘फ्रीडम फार्म’ नावाची सहकारी शेती सुरू केली. त्याआधी वर्षभर ‘डुकरांची पेढी’ सुरू झाली होती. गरजू कुटुंबाला एक माजावर येणारी मादी द्यायची, तिची पिले झाली की त्यातली काही पेढीला परत करायची, बाकीची घरात. व्याज नाही, तारण नाही. शेतावर भाजीपाला पिकवायचा आणि ज्यांना लागेल त्यांना द्यायचा.

हेमरचा हिशेब सरळ होता. ज्याच्या घरात खायला आहे, त्याला मत कोणाला द्यायचे हे मळेवाला सांगू शकत नाही. डुकरीण हे तिच्या लेखी मताधिकाराचे साधन होते. पुढे देणग्या आटल्या, निसर्गाने साथ दिली नाही, तिची तब्येत ढासळली. १९७६ पर्यंत फ्रीडम फार्म बंद पडले आणि पुढच्या वर्षी ती गेली. बँकेच्या भाषेत हा प्रकल्प ‘अयशस्वी’. पण त्या काही वर्षांत किती माणसे मान वर करून उभी राहू शकली, हा रकाना बँकेच्या तक्त्यात नसतो.

या सगळ्याला विस्कळीत किश्शांतून बाहेर काढून सलग इतिहासाचे रूप दिले ते जेसिका गॉर्डन नेम्बहार्ड यांनी, ‘कलेक्टिव्ह करेज’ (२०१४) या ग्रंथात. त्यांचा महत्त्वाचा शोध असा की सहकार ही कृष्णवर्णीय अमेरिकनांनी बाहेरून उसनी घेतलेली कल्पना नाही. दफनाचा खर्च भागवणाऱ्या मंडळ्यांपासून दुकानांपर्यंत तिची सलग परंपरा आहे, आणि स्त्रिया तिच्या केंद्रस्थानी आहेत. रिचमंड शहरात १९०३ साली पेनी सेव्हिंग्ज बँक सुरू करणारी मॅगी लीना वॉकर ही त्यांतलीच. दुसरी गोष्ट त्या सांगतात ती जास्त बोचरी आहे. अशी प्रत्येक संस्था उभी राहिली, की तिच्यावर गोऱ्या व्यापाऱ्यांचा, बँकांचा, कधी थेट हिंसेचा घाला पडला. ग्रंथाच्या नावातले ‘धैर्य’ अलंकारिक नाही.

‘समुदाय’ म्हणजे कोण?

सामुदायिक अर्थव्यवस्था हा शब्द गेली वीसेक वर्षे विद्यापीठांत गाजतो आहे, तो मुख्यतः गिब्सन-ग्रॅहम यांच्यामुळे. हे दोन स्त्रीवादी भूगोलतज्ज्ञांनी मिळून घेतलेले लेखननाम. त्यांची प्रतिमा हिमनगाची आहे. पगार, बाजार, कंपनी हे पाण्यावर दिसणारे टोक, आणि पाण्याखाली देवघेव, घरकाम, शेजारधर्म, उसनवारी यांचे अफाट वस्तुमान. मराठी वाचकाला ही कल्पना लगेच पटते, कारण पाण्याखालच्या प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे अस्सल शब्द आहे. सावड आहे, म्हणजे आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. इर्जिक आहे, भिशी आहे, वानवळा आहे, विरजणाची वाटी आहे.

पण इथेच थबकायला हवे. पाण्याखाली बलुतंही आहे. पैशाशिवाय चालणारी, परंपरेने बांधलेली, गावाने गावासाठी चालवलेली व्यवस्था अशी व्याख्या केली, तर बलुतेदारीहून ‘सामुदायिक’ अर्थव्यवस्था दुसरी कोणती? बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये येसकराच्या पाळीचे वर्णन आहे. गावाची पडेल ती कामे करायची आणि घरोघरी फिरून भाकरी मागायची. ती भाकर हक्काची म्हणायची, पण तिच्याबरोबर वाकलेली मान आणि मिटलेले तोंडही दिले जात होते. हिमनगाच्या चित्रात सावड आणि येसकराची भाकर शेजारीशेजारी तरंगतात, आणि दोन्हींना एकच नाव मिळते. ही त्या मांडणीतली मोठी फट आहे.

कॅरोलाइन शेनाझ हुसेन यांचे काम मला म्हणूनच अधिक उपयोगी वाटते. ‘पॉलिटिसाइज्ड मायक्रोफायनान्स’ (२०१६) मध्ये त्यांनी जमैका, गयाना, हैती अशा देशांतली सूक्ष्मकर्जे तपासली. कर्ज कोणाला मिळते हे रंग, वर्ग, पक्ष आणि लिंग यांवर ठरते, असे त्यांना दिसले. त्याच वस्त्यांत बायका आपली भिशी चालवत होत्या. जमैकात तिला ‘पार्टनर’ म्हणतात, त्रिनिदादमध्ये ‘सुसू’, हैतीत ‘सोल’. हुसेन विचारतात ते असे : गिब्सन-ग्रॅहम यांच्या ‘समुदाया’त वंश कुठे आहे? ज्यांना मुख्य बाजाराने बाहेर ठेवले, त्यांनी एकत्र येणे आणि ज्यांच्यासमोर सगळे पर्याय खुले आहेत, त्यांनी हौसेने पर्यायी जगणे निवडणे, या दोन गोष्टी एकच कशा?

मराठीत हा प्रश्न भाषेपासूनच सुरू होतो. ‘कम्युनिटी’ला आपल्याकडे स्वच्छ शब्द नाही. ‘समाज’ म्हणालात, तर गावात त्याचा अर्थ जात. ‘आमच्या समाजात असं चालत नाही’ हे वाक्य कोणीही जातीबद्दलच बोलत असतो. ‘भावकी’ म्हणालात, तर रक्ताचे नाते आणि बांधावरचे भांडण. ‘गाव’ म्हणालात, तर त्यातून वस्ती वगळली जाते. गाव आणि वस्ती मिळून होते त्याला नाव नाही. बेल हुक्स यांनी १९८४ साली ‘फेमिनिस्ट थिअरी’ या ग्रंथात भगिनीभावावर जी टीका केली, ती इथे आठवते. आपण सगळ्या सारख्याच पीडित, म्हणून बहिणी, ही भावना त्यांना पोकळ वाटते. पाठिंबा प्रसंगापुरता देता येतो, काढूनही घेता येतो. एकजूट म्हणजे मतभेद पुसून न टाकता, वंश आणि वर्गाच्या प्रश्नांवर एकमेकींशी भांडून, दीर्घ काळ निभावलेली बांधिलकी. आपल्याकडे हीच मांडणी वेगळ्या वाटेने आली. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांचा वेगळा आवाज का ऐकायचा हे मांडले. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्याला पुढे नेत, हे फक्त दलित स्त्रियांनीच करायचे काम नाही, इतरांनीही आपली उभी राहण्याची जागा बदलायला हवी, असा आग्रह धरला. राहुटीचा जुना प्रश्न तो हाच.

बहिष्कार : कोणाचा कोणावर?

मॉन्टगोमेरीत किंग यांच्यावर जो खटला भरला, तो बहिष्कारविरोधी कायद्याखाली होता. अलाबामात १९२१ साली झालेला हा कायदा बसवर बहिष्कार घालणाऱ्या कृष्णवर्णीयांविरुद्ध वापरला गेला. जवळपास त्याच काळातला दुसरा बहिष्कारविरोधी कायदा ब्रह्मदेशातला, १९२२ चा. गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी संरक्षक तरतुदी मागितल्या, त्यांत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती, आणि तिचा नमुना हा ब्रह्मदेशचा कायदा होता. एकाच नावाचे कायदे, पण एक दुबळ्याच्या हातातले शस्त्र काढून घेण्यासाठी वापरला गेला, आणि दुसऱ्याकडे बाबासाहेब दुबळ्यावर उगारलेले शस्त्र रोखण्यासाठी पाहत होते.

ही मागणी केवळ कल्पनेतून आलेली नव्हती. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत आंबेडकर सदस्य होते. १९३० च्या त्या समितीच्या अहवालात हे स्पष्ट नोंदले आहे की अस्पृश्य माणूस कुळ म्हणून, मजूर म्हणून गावावर अवलंबून असतो आणि त्याने हक्क बजावायचा ठरवला की गाव हेच अवलंबन हत्यारासारखे वापरते. काम बंद, दुकान बंद, वाट बंद. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक आणले होते. वतनाची भाकर सोडा, हे त्यांचे सांगणे स्वाभिमानाचे होतेच, पण त्यात साक्षीचा हिशेबही होता. ज्याची भाकर पाटलाच्या हाती, त्याची जीभही पाटलाच्या हाती. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करायला पुढे २०१६ साल उजाडले.

हेमर आणि आंबेडकर एकमेकांना वाचून या निष्कर्षावर आले नव्हते. दोघांनी एकच गोष्ट दोन मुलखांत पाहिली. हक्क कागदावर मिळतो त्या दिवशी त्याची वसुली पोटावर सुरू होते. आपण फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण केल्याचा अभिमान बाळगतो. १९७२ च्या दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, हेही सांगतो. या देवघेवीत कविता आली, संताप आला, बंडाची भाषा आली. बायकांच्या चुली आणि डुकरिणी मात्र आल्या नाहीत. मराठीतल्या निग्रो-साहित्याच्या चर्चेची ही उणीव आहे, आणि तिचे कारण ती चर्चा बहुतांशी पुरुषांनी पुरुषांबद्दल केली, हे आहे.

सहकाराचा जिल्हा, कोयत्याचा तालुका

खर्डा ज्या जिल्ह्यात आहे तो सहकाराचे माहेर म्हणून ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना लोणीला १९५० च्या सुमारास उभा राहिला, आणि त्याने शेतकऱ्याला खासगी कारखानदाराच्या तावडीतून सोडवले. हे श्रेय मोठे आहे. पण सहकाराचा सभासद होण्याची अट जमीन आणि ऊस ही आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बालाघाटाच्या डोंगरात, बीड आणि धाराशिवच्या सीमेवर असलेल्या जामखेड तालुक्यातून आणि शेजारच्या आष्टी-पाटोद्यातून ऊस तोडायला जाणारी माणसे या सहकारात सभासद नाहीत, तिथे फक्त त्यांचा घाम असतो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडप्याच्या नावावर. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. बाईच्या श्रमाला स्वतंत्र आकडाही नाही. एकाच साखरेच्या पोत्यात सहकार आणि उचल दोन्ही आहेत, आणि आपण आशियातला पहिला सहकारी कारखाना म्हणून फक्त एकाचीच गोष्ट सांगतो.

याच जामखेडने मात्र आणखी एक गोष्ट घडवली. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत निरक्षर होत्या, टाकलेल्या होत्या आणि दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९७९ साली दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली विहिरींची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दुष्काळात विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा जागा दलित वस्तीत शोधल्या गेल्या. पाणी लागले, आणि गावातल्या बायकांना हंडा घेऊन वस्तीत यावे लागले. पाण्यासाठी गावाकडे तोंड करून उभे राहण्याची दिशाच उलटली.

इथे कोणी समतेवर भाषण दिले नाही. साधन कोणाच्या अंगणात ठेवायचे, एवढेच ठरवले. कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या बॉस्टनच्या कृष्णवर्णीय स्त्रीवादी गटाने १९७७ च्या निवेदनात मांडलेला विचार थोडक्यात असा की सर्वांत खाली दाबलेली स्त्री मुक्त व्हायची, तर दडपणुकीच्या सगळ्याच व्यवस्था मोडाव्या लागतील, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली की कोणी सुटत नाही. जामखेडच्या विहिरींना ते निवेदन ठाऊक नव्हते. पण तर्क तोच होता. अर्थात हा प्रकल्प डॉक्टरांनी आणला होता, बाहेरचा पैसाही त्यात होता. वस्तीने स्वतः उभारलेली अर्थव्यवस्था म्हणून त्याचा दाखला देता येणार नाही. साधनाची जागा बदलली की नाती हलतात, एवढा दाखला मात्र तो नक्की देतो.

बचत गटाची कसोटी

१९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गटांपासून बँक-जोडणीचा प्रयोग सुरू केला. आज बचत गट नसलेले गाव शोधावे लागेल. गटामुळे बाईच्या हाती पासबुक आले, ती बँकेत खुर्चीवर बसली, सावकाराकडे जायची पाळी टळली. हे नाकारणारा माणूस गावात राहिलेला नसावा.

तरीही गटाच्या यशाची जी मोजपट्टी आपण स्वीकारली ती बँकेची आहे : परतफेड किती टक्के. गटाचा कर्जाचा जामीन गटच असतो. म्हणजे शेजारणीने हप्ता चुकवला तर तिच्या दारात जायचे ते बँकेच्या साहेबाने नाही, आपण. बायकांमधला विश्वास हे तारण होते आणि तोच वसुलीचे यंत्रही होतो. गिल्मोरच्या मंडळात बायका एकमेकींची नावे झाकत होत्या. आपल्या गटात थकबाकीदाराचे नाव बैठकीत वाचले जाते. दोन्हीकडे बायका एकत्र येऊन पैसे गोळा करतात, म्हणून दोन्हींना ‘सामूहिक अर्थकारण’ म्हणून एकाच पंक्तीत बसवणे हा अभ्यासाचा आळस आहे.

गट बहुधा शेजाराने जमतात, शेजार जातीने ठरलेला असतो, म्हणून गटही बहुधा जातीचेच होतात. गावठाणातला गट आणि वस्तीतला गट एकाच बँकेत खाते काढतात. पण गावठाणातल्या बाईच्या शेतात वस्तीतली बाई खुरपायला जाते, हे नाते कोणत्याच पासबुकात नाही. अशा वेळी ‘सर्व महिला एक’ म्हणणे सोपे असते. वस्तीवर संकट येते, तेव्हा गावठाणातला गट काय करतो, हे विचारणे कठीण असते.

म्हणून मला वेगळी कसोटी सुचवावीशी वाटते. गटातल्या एखाद्या बाईला उद्या गावाविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली, तर गट तिला किती महिने जेवू घालू शकेल? तिच्या घरची मजुरी बंद झाली, किराणा बंद झाला, मुलाला शाळेत त्रास होऊ लागला, तर गटाच्या पेटीतून काही निघेल का? की हप्ता चुकला म्हणून गटच तिच्या दारात उभा राहील? पहिले उत्तर होकारार्थी असेल तिथे एकजुटीची अर्थव्यवस्था आहे. नसेल तिथे कर्जवाटपाचे केंद्र आहे, फार तर चांगले चाललेले.

ही कसोटी कडक आहे, हे मला कळते. मॉन्टगोमेरीशी केलेली तुलनाही एका मर्यादेपर्यंतच टिकते. तिथे बसचे बहुसंख्य उतारू कृष्णवर्णीय होते. त्यांनी चालायचे ठरवले आणि बस रिकाम्या धावल्या. त्यांची स्वतःची चर्च होती, आपल्या मोहल्ल्यातली दुकाने होती. आपल्या गावाच्या कडेला असलेल्या, पोटजातींत विभागलेल्या वस्तीने बहिष्कार घातला, तर गावाचे काय अडते? गिऱ्हाईक गावच, मालक गावच, साक्षीदाराचा शेजारीही गावच. म्हणून आपल्याकडे एका वस्तीचा गट पुरणार नाही. साक्षीचा खर्च उचलणारी पेटी गावापेक्षा मोठी असायला हवी. अनेक गावांतल्या वस्त्यांची मिळून, तालुक्याची, आणि तिच्यात गावठाणातल्या ज्या बायका राहुटी हलवायला तयार असतील त्यांचीही.

गल्ल्यामागची वही

शेवटी पुन्हा बेबी कांबळे. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. गिऱ्हाईक नसले की लिहीत. लिहिलेले घरच्यांपासून, नवऱ्यापासून लपवून ठेवत, आणि असे सुमारे वीस वर्षे चालले. त्या वह्यांतून ‘जिणं आमुचं’ निघाले. त्यात गावाने वस्तीला काय केले हे आहे, आणि वस्तीतल्या पुरुषांनी बायकांना काय केले हेही आहे. म्हणजे ती साक्ष दोन्हीकडची आहे. दुसरी साक्ष देणे पहिलीपेक्षा अवघड असते, कारण तिथे ‘आपला समाज’च समोर उभा असतो. कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांना हा पेच चांगला ठाऊक होता. आपल्या घरातले बाहेर सांगितले की समाजाशी द्रोह केल्याचा आरोप त्यांच्यावरही झाला.

समीक्षेत आपण या पुस्तकाला आत्मकथन म्हणतो, त्याच्या भाषेबद्दल, बोलीबद्दल लिहितो. दुकानाबद्दल फारसे लिहीत नाही. मला आता ते दुकान पुस्तकापासून वेगळे काढता येत नाही. येसकराच्या भाकरीवर वाढलेल्या वस्तीतली एक बाई स्वतःच्या गल्ल्यामागे बसली, आणि मगच तिला वही उघडता आली. मागून आणलेल्या भाकरीने तोंड मिटवले होते, स्वतः कमावलेल्या भाकरीने ते उघडले.

खर्ड्याचा किल्ला आजही उभा आहे. एकीचा धडा आजही शिकवला जातो. त्या धड्याखाली एक स्वाध्याय जोडावा असे मला वाटते. एकीत कोणाची राहुटी कुठे होती, ते सांगा. आणि ज्याला खरे बोलायचे आहे, त्याची भाकर आज कोणाच्या हाती आहे, तेही.